मामाजींच्या छातीशी

माझे सासरे भगवानराव, मी त्यांना मामाजी म्हणते, माझ्याशी थेट बोलत नसत. काही सांगायचं असलं की दाराच्या चौकटीकडे पाहून सांगायचे, "पोरीले सांगा, दूध आनून ठेवलं." सांगायला घरात तिसरं कोणीच नाही. सासूबाई जाऊन दोन वर्षं झाली, नवरा, अंकुर, पुण्याला कंपनीत. मी एम.ए. झालेली, पण डोक्यावरचा पदर सारखा करून मीही चौकटीलाच उत्तर द्यायची.

आमची मुलगी आठव्या महिन्यातच झाली, ऐन डिसेंबरात. माझी आई अंथरुणाला खिळलेली, म्हणून बाळंतपण सासरीच. घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, हिला स्वतःची ऊब धरता येत नाही; वजन वाढेपर्यंत उघड्या छातीला लावून ठेवा, वरून पांघरा. थोडे दिवस मी ते केलं. मग टाके चिघळले. दिवसा ताप इतका चढायचा की तिला धरवेना.

मामाजी चौकटीला म्हणाले, "मी घेतो म्हना तिले."

अंकुरनं पाठवलेली पट्ट्यांची झोळी शेजारच्या मानीबाईंनी कापूस वेचायला जाण्याआधी त्यांच्या अंगावर बांधून दिली. मामाजींच्या अंगात बंडी, सदरा, वर बंद गळ्याचा स्वेटर. त्यांना उघड्या अंगानं मी कधी पाहिलेलं नाही. आंघोळसुद्धा मी उठायच्या आत उरकतात. बाळाला टोपरं, दोन झबली, दुपटं. सगळ्यावर शाल.

अंगणात उन्हाला बसले की हलायचे नाहीत. तुरीत रानडुकरं शिरत होती, तरी शेतात गेले नाहीत. तिच्या नाकाशी वास नको म्हणून तंबाखूची डबीही देऊन टाकली.

रस्त्यानं जाणारा फकिरा ओरडायचा, "काय भगवानराव, बाळंत झाले काय? डिंकाचे लाडू धाडू?"

"धाड ना. पन तूप तुह्या घरचं घाल."

संध्याकाळी बाळ माझ्याकडे आलं की मी आधी पाय बघायची. गार. एवढ्या कपड्यांत गार. कारण मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. तिच्याजवळ राखायला ऊबच नव्हती, आणि मामाजींची ऊब त्यांच्या स्वेटरच्या आत राहत होती. पण सासऱ्यांना सदरा काढा म्हणून सांगायचं कसं? मानीबाईंना विनवलं तर त्यांनी जीभ चावली. "मी नाही सांगत बाई! तू शिकली ना, तूच सांग."

मी सांगितलं नाही. रात्री ताप उतरला की तिला छातीशी घ्यायची आणि दिवसभर गेलेली ऊब भरून काढायला बघायची.

मंगळवारी आरोग्य केंद्रात वजन केलं. घटलं होतं. नर्स म्हणाली, "अजून घटलं तर भरती करा लागते."

घरी आल्यावर मामाजींनी चौकटीला विचारलं, "किती भरलं म्हनते?"

"घटलं," मी म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांच्याकडे पाहिलं. "मामाजी, सदरा काढा लागते. बंडीबी. तिचं अंग तुमच्या अंगाले लागलं पायजे."

ते बाहेर गेले. गोठ्यात बराच वेळ बादल्यांचा आवाज होत राहिला. मग आले आणि माझ्याकडे पाठ करून उभे राहिले. स्वेटर लवकर निघाला; सदऱ्याच्या गुंड्यांवर बोटं अडत होती. पाठीची सगळी हाडं दिसत होती. वळले ते आढ्याकडे बघत.

मी बाळाची झबली काढली, टोपरं आणि लंगोट ठेवला. तिला त्यांच्या छातीवर पालथं घातलं, तोंड एका बाजूला वळवून नाक मोकळं ठेवलं. माझी बोटं त्यांच्या छातीला लागली तेव्हा आम्ही दोघंही दचकलो. म्हातारं, हाडकुळं अंग. मला वाटलं होतं तेवढं ते ऊबदार नव्हतं. मी पट्टे आवळले, शाल गुंडाळली.

तासाभरानं म्हणाले, "पाय पाह्य."

मी शालीत हात घातला. "कमी गार आहेत," मी म्हणाले. तसं खरंच होतं की नाही, मला माहीत नाही.

काल पुन्हा वजन केलं. घटलं नाही, वाढलंही नाही. नर्सनं पुढच्या आठवड्याची तारीख दिली आणि दुसऱ्या बाईला हाक मारली. एसटीच्या थांब्यावर मी हे सांगितलं तेव्हा मामाजी शालीची कड नीट करत होते.

"मंग उद्यापासून लवकर बांध," ते म्हणाले. "ऊन यायची वाट नको पाहू."