एका दाबाला एक नाव

एका हॉस्पिटलातल्या भरती पेशंटांच्या यादीचं सॉफ्टवेअर मी बनवलेलं, म्हणून शाहूपुरीतल्या ऑफिसातून तिथं माझी सारखी फेरी असायची. चौकशीच्या खिडकीवर एक काका बसायचे. माउसला हात लावायचे नाहीत. कीबोर्डवरचा खालचा बाण एकदा दाबायचे, एक नाव ओठांत वाचायचे, मग पुन्हा दाबायचे. मला पाहिलं की काहीतरी सांगायला तोंड उघडायचे. मी आधीच म्हणायचो, "काका, दाबून धरा की, भराभर सरकतंय." ते पुन्हा एकेकदा बाण दाबायला लागायचे.

गगनबावड्याच्या घाटात जीप उलटली त्या दिवशी मी हॉस्पिटलातच होतो. खिडकीत एक बाई नवऱ्याला शोधत आली. घाईत जखमींची नावं कशीही टाइप झाली होती, त्यामुळं सगळी यादी वाचण्यावाचून इलाज नव्हता. काकांचा संथपणा मला बघवेना. मी कीबोर्ड ओढला आणि बाण दाबून धरला. यादी धावली. बोट उचललं तरी ती धावतच राहिली आणि तळाला जाऊन थांबली.

"इथं नाहीत," मी सांगून मोकळा झालो.

काकांनी कीबोर्ड परत घेतला आणि वरून एकेक नाव वाचत आले. मध्येच थांबले.

"हाईत, ताई. दुसरा मजला. जावा."

ती गेल्यावर म्हणाले, "बोट उचललं तरी तुमची यादी पळतीया. पयल्या दिसापासनं."

"मग सांगायचं नाही का?"

"सांगाय लागलो की तुम्ही म्हणतासा, दाबून धरा."