नव्या सीपीयूत जुनी विंडोज

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. बी.एस्सी., संगणकशास्त्र. हे मी आधीच सांगून टाकते, कारण गिऱ्हाईक खुर्चीत टेकायच्या आत बाबा सांगतातच.

बाबांचं पत्रिका छापायचं दुकान मांडवीला. समुद्राची खारी हवा सगळ्याला खाते. एका सकाळी त्यांचा जुना कॉम्प्युटर चालूच होईना. उघडला तर आतल्या बोर्डावर हिरवा गंज. हार्ड डिस्क तेवढी वाचलेली.

त्या डिस्कमध्ये गावच्या बुद्धविहाराच्या उद्घाटनाची पत्रिका होती. आमच्याकडच्या पत्रिकेत मजकूर चार ओळी आणि नावं पानभर. गावशाखा, मुंबई शाखा, महिला मंडळ. कोण वर, कोण खाली यावर तीन बैठका झालेल्या. तिसरी तर आमच्या दुकानातच, बाबांच्या खुर्चीमागे उभं राहून. "ह्यांना वर घ्या." "मग आमचे खाली कसे?" अखेर ठरलेला क्रम कागदावर कुठेच नव्हता, होता तो फक्त त्या फाइलीत. आणि मुंबई शाखेचे अध्यक्षकाका त्याच दुपारी पत्रिका घेऊन मुंबईला निघणार होते.

"नव्याने टाइप करू," मी म्हटलं.

"क्रम चुकला तर विहार राहील बाजूला," बाबा म्हणाले. "तू शिकलीस ना गो?"

झालं! नवा सीपीयू आणला, जुनी डिस्क त्याला जोडली. पण फाइल उघडली तर नावांच्या जागी इंग्रजी अक्षरांचा खच. बाबांचं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर जुन्या विंडोज एक्सपीच्या काळातलं, नव्या विंडोजवर ते बसेचना. म्हटलं, मग नव्या सीपीयूवर एक्सपीच मारते. सीडी बिस्किटांच्या डब्यात सापडली, सीडी ड्राइव्ह जुन्या कॉम्प्युटरमधून उपसला.

पहिल्या झटक्यात निळा पडदा, म्हणजे गाडी अडली. दुसऱ्या झटक्यातही निळाच. तोवर अध्यक्षकाका बॅग घेऊन हजर.

"समुद्र दाखवतेस काय गो? तो बाहेर आहे की."

मी सेटिंगमध्ये शिरून डिस्क जुन्या पद्धतीने चालेल अशी केली. गाडी पुढे सरकली. मग अटींचं पान आलं. मान्य असेल तर एफ-आठ दाबा. मी दाबलं. काही नाही. परत दाबलं. आत्ता सेटिंग बदलताना चालणारा कीबोर्ड इथे ठार मेलेला!

"दाबतेस ना नीट?" काका.

"दाबते, काका."

"बाजूला सर." आणि काकांनी, मासा ताजा आहे का बघतात तसं, अंगठ्याने ते बटण दाबून पाहिलं. "ह्याला तुझ्या अटी मान्य नाहीत."

मला हसू आवरेना. हसता हसताच डोक्यात आलं, हा यूएसबीचा कीबोर्ड, त्याची एक्सपीला ओळखच नसणार! सीपीयूच्या पाठीमागे एक गोल भोक होतं. माळ्यावर गोल पिनेचा कीबोर्ड होता, बाबांच्या बोटांनी अक्षरं पुसलेला. लावला, परत चालू केलं, एफ-आठ दाबलं.

मान्य!

मी किंचाळले. शेजारचा झेरॉक्सवाला धावत आला.

तासाभराने पडद्यावर एक्सपीचं ते निळं आकाश आणि हिरवी टेकडी आली. जुनी डिस्क परत जोडली, सॉफ्टवेअर टाकलं, फाइल उघडली. सगळी नावं जागच्या जागी! फक्त त्या एक्सपीला नव्या सीपीयूचं डिस्प्ले कार्ड समजेना, म्हणून पडद्यावर एकेक अक्षर नारळाएवढं. बाबांनी चष्मा काढून ठेवला. "आयुष्यात पहिल्यांदा नीट दिसतंय."

"पत्रिकेत एवढीच ठेवा," काका म्हणाले.

"एवढी ठेवली तर पत्रिकेला चादर लागेल, काका."

काकांनी बोट फिरवत वरपासून खालपर्यंत नावं वाचली. दोनदा. मग मान हलवली. बाबा एकदम म्हणाले, "खाली एक ओळ घालतो. संगणक साहाय्य, माझी मुलगी."

काकांनी बॅग खाली ठेवली. "नवं नाव? चौथी बैठक घ्यायचीय काय?"

बाबांनी खुर्ची पुढे ओढली. मग त्या पुसट कीबोर्डवर स्वतःच काहीतरी बडवलं. प्रिंटरने पहिली पत्रिका बाहेर सरकवली. सगळी नावं ठरल्या क्रमाने. आणि अगदी तळाला, दुकानाच्या पत्त्याखाली, नाव नाही, गाव नाही, एकटीच उभी, ठळक अक्षरांत: बी.एस्सी.

काकांनी ती ओळ तीनदा वाचली. आक्षेप नावावर घ्यायचा, तर तिथे नावच नव्हतं.