मधल्या दिवसांचा प्रश्न

शिरूरच्या एका दवाखान्यात भिमाजी कंपाउंडर होता. अक्षर असं की डॉक्टरांनी लाजावं. म्हणूनच चौऱ्याहत्तर साली पुण्याच्या डॉक्टरीणबाई छातीच्या पेशंटांचे छापील कागद घेऊन आल्या, तेव्हा लिहायचं काम आपसूक त्याच्या गळ्यात पडलं.

तोवर इकडे ज्याला दम लागेल त्याला दमा, आणि दमा म्हटलं की त्याच पांढऱ्या गोळ्या. बाईंना ते पटेना. दौंडला इंजिनात कोळसा मारून छाती गेलेला माणूस, जन्मात बिडी न ओढता चुलीपुढे म्हातारी झालेली बाई आणि फक्त हवा बदलली की धापा टाकणारा दमेकरी, या सगळ्यांना एकच औषध कसं चालेल? त्यांनी दोन गठ्ठे करायला सांगितले. प्रश्न साधा होता, दम्याच्या दोन झटक्यांमधल्या काळाचा: मधल्या दिवसांत अगदी बरं वाटतं का? होय म्हणतील त्यांना गोळ्या. नाही म्हणतील त्यांना मात्र बजावायचं, की बेडका पिवळा झाला तर त्याच दिवशी या, कॅप्सूल सुरू करू.

भिमाजीने शंभरावर कागद भरले. बायकोलाही, रंभाला, दम लागायचा; तिचा घरीच भरला. ती पलीकडे भाकरी थापत होती. हिला काय विचारायचं? रोज डोळ्यांसमोर वावरते, पाणी भरते, हसते. त्याने ‘होय’ लिहून टाकलं. शहाणाच की नाही!

पौषात तिचा बेडका पिवळा झाला. तो तिने गुपचूप राखेत टाकला. दाखव म्हणून तिला कुणी बजावलंच नव्हतं. सहाव्या दिवशी रंभा गेली.

मग भिमाजी स्वतः चूल पेटवू लागला. दुसऱ्या भाकरीलाच डोळे गळायचे, घसा धरायचा, आणि पाठीमागे तिचा श्वास ऐकू यायचा, बारीक, शीळ घातल्यासारखा. वळून बघायची त्याची छाती होत नसे. भर दुपारी दवाखान्यात, औषधाची बाटली हलवतानाही तो कानाशी येई. आपणच तिला मारलं, असं त्याला वाटे, आणि ते कुणाला सांगता येत नसे.

पुढच्या साली इनामगावचा हौसराव बायकोला, साखरबाईला, घेऊन आला. भिमाजीने प्रश्न तिला विचारला. उत्तर हौसरावने दिलं.

“मधी ठणठणीत असती की! कालच आख्खा गोठा झाडून काढला तिनं.”

भिमाजीचा लिहिता हात थांबला.

“मालक, तुमी भाईर बसा.”

“का म्हून?”

“बसा म्हन्तो न्हवं!”

तो एवढ्या मोठ्याने ओरडला की सगळी रांग चिडीचूप झाली. हौसराव पुटपुटत बाहेर गेला.

“आता तुमी सांगा, मावशी. मधल्या दिवसांत अगदी बरं वाटतं का?”

साखरबाईने पदर सारखा केला.

“बरं म्हंजी,” तिने विचारलं, “कसं वाटतंय ओ?”

रंभाला विचारलं असतं, तर तीही हेच म्हणाली असती.