दादाची दोन गाणी

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा दुपारी आम्ही जेवत होतो. पलीकडून वहिनी एवढंच म्हणाली, "मंगल, गेले गं ते..." आणि फोन तसाच धरून राहिली. तोंडातला घास गिळू की टाकू, मला कळेना. माझ्या मिस्टरांनी, प्रकाशनी, माझ्याकडे पाहिलं आणि ताट बाजूला सारलं. दादामुळे ह्यांची नोकरी गेली, त्या दिवशी मात्र हे पोटभर जेवले होते.

हिरामण, माझा थोरला भाऊ. अंबरनाथला लोक त्याला 'रॅपवाला हिरामण' म्हणत. तरुणपणी तो जहाजावर फिटर होता. तिथे पनामाचा एक खलाशी त्याचा दोस्त झाला. तो स्पॅनिशमध्ये रॅप करायचा... गोदीतल्या हमालांवर, पोलिसांच्या मारावर. "भाषा कळायची नाही, पण राग कळायचा," दादा सांगायचा. जहाज सोडून तो कायमचा घरी आला, तो हे वेड घेऊनच. जयंतीच्या स्टेजवर पहिल्यांदा "उनो, दोस, त्रेस" असं स्पॅनिशमध्ये एक-दोन-तीन म्हणत सुरू झाला, तेव्हा बायका पदर तोंडाला लावून हसल्या. आई म्हणाली, "याला वारं लागलं का काय?" पण हलगीच्या ठेक्यावर मराठी, मधेच हिंदी, मधेच उल्हासनगरच्या बाजारात ऐकलेली सिंधी असं त्याचं बोलणं धावायला लागलं, की माणसं हलायची नाहीत. दारूवर तो बोलला तेव्हा त्याच बायकांनी वन्समोअर दिला. टीव्हीवर रॅप दिसायला लागलं तसं वस्तीतली पोरं विचारायची, "काका, तुम्ही कधीपासून करताय?" तो म्हणायचा, "तुम्हाला मिशा फुटायच्या आधीपासून."

तेव्हा आम्ही नाल्याकाठी राहत होतो. वरच्या अंगाला कारखाने, आणि त्यातल्याच एका रंगाच्या कारखान्यात हे कामाला. त्या पावसाळ्यात नाल्याचं पाणी घरात शिरलं आणि आमच्या रेश्माच्या अंगावर फोड उठले. दादाने तिला मांडीवर घेतलं, तिचे पाय पाहिले. चहा न पिताच उठून गेला. पुढच्याच कार्यक्रमात त्याने ते म्हटलं :

"सोमवारी नाला लाल, मंगळवारी निळा,
बुधवारी पोरांच्या अंगावर फोडांचा मळा!"

त्या गाण्यातलं पोर माझं होतं, हे सगळ्या वस्तीला ठाऊक होतं. गाणं वाऱ्यासारखं पसरलं. मोर्चात म्हटलं गेलं, कारखान्याच्या गेटवर म्हटलं गेलं. साहेब लोक आले, पाण्याचे नमुने नेले आणि शेवटी कारखान्याला टाळं लागलं. काही महिन्यांत रेश्माची कातडी स्वच्छ झाली. आणि तिचा बाप घरी बसला.

तिच्या पायांना तेल लावताना मला आनंद व्हायचा, आणि मागे भिंतीला टेकून बसलेले हे दिसले की त्या आनंदाचीच लाज वाटायची. दादा आला तो दारातच थांबला. "प्रकाशराव, आत येऊ का?"

"घर तुमच्या बहिणीचं आहे," हे म्हणाले.

दादा आत आला नाही. मीही 'ये' म्हटलं नाही.

पुढच्या जयंतीला लोक ओरडत होते, "नाला! नाला!" दादाने हलगी थांबवली. नुसत्या टाळीवर, हळू बोलायला लागला :

"नाला झाला साफ, पण चुली झाल्या गार,
हिरामण्या, तुझ्या जिभेनं किती केले ठार?"

गर्दीतून कारखान्यातलाच एकजण ओरडला, "अब गाके क्या फायदा?"

"काही नाही रे," दादा माईकवरच म्हणाला. "फायदा नाही, म्हणून तर तुमच्यासमोर बोलतोय."

त्यानंतर ते नाल्याचं गाणं त्याने कधीच म्हटलं नाही. कारखान्यातल्या माणसांना घेऊन तो गेटागेटावर फिरला, कुणाला काम लागलं, कुणाला नाही. ह्यांना खरवईच्या नव्या बिल्डिंगीत वॉचमनची नोकरी मिळाली आणि आम्ही बदलापूरला आलो. तीही दादाच्याच ओळखीने मिळाली, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

त्याचा दमा वाढला तेव्हा उल्हासनगरच्या दवाखान्यात आम्ही दोघं भेटायला गेलो. बोलायला त्याला श्वास पुरत नव्हता. हे स्टुलावर बसले आणि म्हणाले, "दादा, ते नाल्याचं म्हणा ना." दादाने मान हलवली... नाही. मग हेच म्हणायला लागले. "सोमवारी नाला लाल..." अडखळत, बेताल, पण सगळं, शेवटच्या ओळीपर्यंत. ह्यांना ते पाठ होतं! इतकी वर्षं घरात एक ओळ कधी ऐकली नव्हती मी. दादाच्या डोळ्यांच्या कडेनं पाणी उशीवर उतरत होतं. म्हणून झाल्यावर हे म्हणाले, "पोरगी माझीच होती ना."

दादाने ह्यांचं मनगट धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही. दोन दिवसांनी तो फोन आला.

परवा वहिनीकडे गेले होते. दादाच्या तालमीच्या खोलीत खिडकीजवळची एक फरशी झिजून खोलगट झाली आहे. तिथे उभा राहून टाच आपटत तो ठेका धरायचा. वस्तीतल्या पोरी अजून रविवारी तिथे जमतात. त्यातली एक म्हणाली, "मावशी, जयंतीला काकांचं नाल्याचं म्हणू?"

"म्हणा," मी म्हटलं, "पण चुलीचंही म्हणायचं. एकटं एक नाही म्हणायचं."

"आधी कुठलं?"

"आधी ठेका," मी म्हटलं आणि त्या फरशीवर जाऊन टाच आपटली.