पिवळा ठिपका

माझ्या धाकट्या दिराला बाजारात सगळे 'अस्सल' म्हणत. भाऊजी जुन्या मोटारींचे सुटे भाग विकत. माल कंपनीचाच असेल तर त्यावर स्वतःच्या हातानं पिवळ्या रंगाचा ठिपका देत. ठिपका म्हणजे भाऊजींचा शब्द. डुप्लिकेट मागणाऱ्याला ते पायरी चढू देत नसत.

पुढे मोटार कंपन्यांनी जुन्या पार्टची गोदामंच बंद केली. साठवायचं कशाला? नकाशा कॉम्प्युटरात ठेवायचा, मागणी आली की त्यावरून पार्टच छापून काढायचा. घाऊक व्यापाऱ्यानं गाशा गुंडाळला, मालाच्या खेपा थांबल्या. मागच्या गल्लीत एका मुलीनं असे पार्ट छापायचं थ्रीडी मशीन मांडलं आणि गिऱ्हाइकं तिकडे वळली.

"थरावर थर चढवलेली भातुकली नुसती!" भाऊजी चारचौघांत तिची टिंगल करत.

मग एका टॅक्सीवालीच्या गाडीची काच खाली-वर करायची मूठ तुटली. तिच्या वडिलांपासूनचं गिऱ्हाईक. "अस्सल आणून देतो," भाऊजी बोलून बसले. अस्सल कुठेच मिळेना. तेव्हा स्वारी गुपचूप त्या मुलीकडे गेली, शोकेसमधल्या जुन्या मुठीवरून नवी छापून आणली आणि वर ठिपका दिला!

टॅक्सीवाली लगेच परत आली. मी तेव्हा दुकानातच जावेशी बोलत बसले होते.

"काका, मूठ नुसती गरगर फिरते. काच जागची हलत नाही."

"हिसका दिला असशील."

"मागच्या गल्लीत दाखवली. ती म्हणाली, ही मीच छापलीय. नमुन्याचे दाते झिजलेत का, असं विचारलंही होतं तिनं. तुम्ही म्हणालात, माझ्या दुकानात झिजका माल नसतो."

मशीन बिचारं इमानी. त्यानं झीजसुद्धा जशीच्या तशी उतरवली होती.



"छापलीय म्हणून सांगितलं असतंत, तरी घेतली असती की मी," ती म्हणाली आणि निघून गेली. त्यापेक्षा चार शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं.

तेव्हापासून टॅक्सीचा हॉर्न वाजला की भाऊजी मागच्या खोलीत. परवा जाऊ वैतागली. "अहो, बाहेर या! खात नाहीये ती तुम्हाला."

आले. नीट मापं देऊन करून घेतलेली नवी मूठ त्यांनी काउंटरवर ठेवली.

"छापलेली आहे."

"आणि ठिपका?" टॅक्सीवालीनं विचारलं.

"चालली तर तूच दे," म्हणत त्यांनी रंगाची डबी तिच्याकडे सरकवली. मान मात्र वर केली नाही.