आभाराच्या चिठ्ठ्या

मामानं भाचीच्या घरच्या शिक्षणाच्या अर्जात चुकीची तारीख लिहिली आणि तपासणीचे साहेब एक दिवस आधीच दारात उभे राहिले. घरभर शिवणकामाचा पसारा पडलेला. शिंपीणबाई लेकीला घरीच शिकवत. साहेबांचं समाधान झालं नाही, तर हे घरचं शिकणं बंद होणार होतं.

साहेबांनी कापडं सरकवून बूड टेकलं. "सव्वादोन मीटरमधून पाऊण मीटरचे तुकडे किती?"

"तीन. चिंधीसुद्धा उरणार नाही," लेक म्हणाली.

"कुणी शिकवलं?"

"वजनमाप भाजीवाल्या मावशींनी, कोन सुतारकाकांनी. जो शिकवेल त्याला त्याच दिवशी आभाराची चिठ्ठी द्यायची, असा आईचा दंडक आहे."

"आणि आई काय शिकवते?"

"ती कुठं शिकवते! ती मला लोकांकडे पिटाळते."

मामानं कपाळावर हात मारला. शिंपीणबाईंची मान मात्र ताठ झाली: पोर एकालाही विसरली नव्हती.

"असं पिटाळणं सगळ्यांना जमत नाही, बाई," म्हणत साहेबांनी सही ठोकली. उठता उठता लेकीला म्हणाले, "भागाकार केलास की गुणून ताळा करत जा."

लेक चिठ्ठी लिहून जिन्यावरून धडाधड उतरली, तोवर साहेब कोपऱ्यापलीकडे गेले होते. ती चिठ्ठी अजून द्यायची राहिली आहे.