चार रंगांतला राक्षस

नागपूरजवळच्या सौंसरात गुणवंताला कोणी पेंटर म्हणायचं, कोणी पडदेवाला. दुकानांच्या पाट्या तो पोटासाठी रंगवायचा आणि आसपासच्या खेड्यांतल्या नाटकांचे पडदे हौसेसाठी. महाल, जंगल, रस्ता, देऊळ. एवढं असलं की कोणतंही नाटक उभं राहतं, असं त्याचं मत. पडदे त्याचे म्हणून आणखी एक काम आपोआप त्याच्या गळ्यात आलं होतं. दोरी अडकून महाल अर्ध्यावर लटकला की गुणवंता पुढे यायचा आणि दोरी सुटेपर्यंत लोकांना हसवत ठेवायचा. त्याला कोणी तसं सांगितलं नव्हतं. पडदा अडकला की त्याचे पाय आपसूक पुढे जायचे.

त्याला एकच मुलगी, उषा. मॅट्रिक झालेली. तिची आई वत्सला हंगामात संत्र्यांच्या पेट्यांना खिळे ठोकायला जायची आणि बोटं चेचून घरी यायची. उषाची बोटं तिथे जाऊ नयेत, एवढंच गुणवंताला हवं होतं.

अठ्ठ्याऐंशी साली बसस्टँडजवळ भैय्याजींनी कम्प्युटरचा क्लास काढला. भैय्याजींच्या घरी संत्र्यांचे बगीचे, पण त्यांचं मन नागपुरात. त्यांनी गुणवंताला बोलावून घेतलं.

"बोर्ड असा पायजे गुणवंता, का बाजारातल्या माणसानं डोक्यावरची टोपली खाली ठेवून वर पाह्यलं पायजे."

"काय काढू जी?"

भैय्याजींनी एक खोका पुढे केला. त्यावर आग ओकणारा राक्षस, जळता किल्ला आणि तलवार घेतलेली एक पोरगी. "हा खेळ आहे, कम्प्युटरवरचा. आपणच त्याच्यातला एक माणूस व्हायचं. लढवय्या म्हण, जादूगार म्हण. मंग भुयारात जायचं."

"म्हंजे सोंग घ्यायचं."

"तसंच समज."

"मंग समजलं," गुणवंता म्हणाला. "मजुरी नको जी. माह्या पोट्टीले शिकवा."

बोर्ड असा झाला की तसा गावानं कधी पाहिला नव्हता. लाल राक्षस, हिरवं जंगल, सोन्यासारखा पिवळा जाळ. आणि तलवारवाल्या पोरीचं नाक थोडं उषासारखं आलं होतं, ते फक्त वत्सलाच्या लक्षात आलं.

उषा शिकली ती भराभर. भैय्याजी पुस्तकात पाहून सांगायचे आणि ती पुस्तकाच्या पुढे निघून जायची. एक दिवस भैय्याजी म्हणाले, "क्लास भरला तं पोरींच्या बॅचले तूच शिकवशीन. उषा मॅडम." उषानं घरी येऊन हे चहा ओतता ओतता सांगितलं आणि चहा बशीत न पडता जमिनीवर पडला.

पण क्लास भरतच नव्हता. मशीन नागपूरच्या एका दुकानाचं, संक्रांतीपर्यंत वापरायला दिलेलं. तोवर पोरं आली नाहीत तर परत जाणार होतं. बोर्ड पाहून लोक जिना चढायचे, आत काळ्या काचेवर पिवळी अक्षरं पाहायचे आणि विचारायचे, "राक्षस कुठी आहे?"

राक्षस येतच नव्हता. उषानं बापाला समजावून सांगितलं, "बाबा, मशीनमंधी एक कार्ड असते. काचेवर काय दिसन ते तेच काढते. आपलं कार्ड नुसत्या अक्षरांचं आहे."

"म्हंजे पोटात पेंटर आहे, पण पाट्याच रंगवते."

"हो!" उषा हसली. "पडदेवाला दुसरा आणा लागते."

भैय्याजींनी तो आणला. रंगीत कार्ड आणि रंगीत टीव्ही, दोन्ही मांडीवर घेऊन नागपूरच्या बसमध्ये बसून आले. कार्ड बसवलं, खेळ लावला. गुणवंता काचेला नाक लावून उभा.

"हे काय जी? गुलाबी, आकाशी, पांढरा आणि काळा. लाल कुठी आहे?"

"या कार्डात एका वेळेस चारच रंग येतात."

"आन् रगत?"

"गुलाबी."

रक्ताचं गुणवंतानं सोडून दिलं. पण भुयारात उषा एक पाऊल पुढे टाकायची की सगळी भिंत पुसली जायची आणि नवी भिंत वरून खाली, पट्ट्यापट्ट्यानं उतरायची, ते पाहून त्याच्यानं राहवलं नाही. "ह्याचा हात लई सुस्त आहे बे. मी एवढ्यात देऊळ रंगवलं असतं."

"खेळ जड आहे बाबा," उषा म्हणाली. "भिंती काढते कसातरी. पण शेवटच्या दालनात मोठा राक्षस येते, त्याच्यासंगं त्याची फौज येते. तिथं दमते हे कार्ड. चित्र अर्ध्यावर थांबते. बंद पडलं वाटते, पण पडत नाही. जरा वाट पाह्यली का पूर्ण येते, आन् लई चांगलं येते."

"मंग बाजाराच्या दिवशी तेच दाखवायचं," भैय्याजी म्हणाले. "राक्षस पाह्यल्याशिवाय लोक नाव नोंदवत नाही."

"दाखवते. पण मधात कोणी काही करू नका. येऊ द्या त्याले."

"पब्लिक थांबत नसते गं," गुणवंता म्हणाला.

बाजाराच्या दिवशी मशीन खाली ओसरीवर मांडलं. समोर ही गर्दी. पुढच्या खुर्चीवर हायस्कुलातले विनायक गुरुजी बसले होते. गुरुजींनी मान हलवली तर दहावीच्या पोरी क्लासला येणार, हे भैय्याजींनी आधीच हेरून ठेवलं होतं. उषा नवी साडी नेसून मशीनपुढे बसली.

सुरुवात बरी झाली. "अबे, चालून राहिला तो माणूस!" "ही पोट्टी चालवून राहिली त्याले!" गुरुजी चष्मा सावरून पुढे वाकले. "बेटा, हे तू स्वतः शिकलीस?"

"हो सर."

"छान," गुरुजी म्हणाले.

उषानं शेवटचं दार उघडलं. वरून एक शिंग आलं. दुसरं शिंग आलं. कपाळ, एक डोळा, आणि चित्र थांबलं.

सगळे पाहत राहिले. मग मागून कोणीतरी ओरडलं, "बाकीचा राक्षस लाइनीत हाय का?"

हशा पिकला. "पंक्चर झाला गा!" "नागपूरची बस चुकली त्याची!" उषा मान खाली घालून कळफलकावरून हात आवरून चित्राची वाट पाहत बसली होती. भैय्याजींच्या कपाळावर घाम. आणि गुणवंताचे पाय पुढे गेले.

"मायबाप हो!" तो मशीनच्या पुढ्यात उभा राहिला. "राक्षस येऊन राहिला, पण त्याचं धोतर धुवाले गेलं आहे. अशात दरबारात येते का कोणी?"

लोक हसत सुटले. गुणवंतानं उपरणं कमरेला गुंडाळलं, बोटांची शिंगं केली. "मी राक्षस! लाल होतो जी, भैय्याजीनं धुतला तं गुलाबी झालो!" त्यानं राक्षसाची चाल केली, राक्षसाच्या बायकोचं भांडण केलं, बाजारात वांगी घेणारा राक्षस केला. टाळ्या, शिट्ट्या. जत्रेतसुद्धा त्याला कधी इतकी टाळी मिळाली नव्हती.

"बाबा," मागून उषा म्हणाली. "बाबा, सरका. आलं."

त्याला ऐकू गेलं नाही.

"बाबा, आलं! पूर्ण आलं! सर, पाहा ना, चित्र आलं!"

त्याच्या पाठीमागे काचेवर अख्खं दालन उभं होतं. खांब, फौज, मधोमध पंख पसरलेला राक्षस. ओसरीवरचं एक माणूसही तिकडे पाहत नव्हतं. सगळे गुणवंताच्या कमरेच्या उपरण्याकडे पाहत होते. विनायक गुरुजी खुर्चीतून उठले होते.

"गुरुजी, आता पाहा जी," भैय्याजी त्यांच्या मागे धावले.

"पाहिलं की," गुरुजी म्हणाले. "शिक्षण म्हणून बोलावलंत आणि हे काय दाखवलंत? या ओसरीवर मी मुली पाठवू? घरचे मला जोडे मारतील."

गर्दी पांगली. जाता जाता लोक गुणवंताच्या पाठीवर थाप मारत होते. "वा रे पेंटर, मजा आणली गड्या!" तो हसत हसत मागे वळला, तेव्हा उषा मशीन बंद करत होती.

एकही नाव आलं नाही. संक्रांतीच्या आधीच दुकानाचा टेम्पो येऊन सगळं घेऊन गेला. भैय्याजींनी गुणवंताला दोष दिला नाही. "तुह्यावाचूनही तेच झालं असतं," एवढंच म्हणाले, आणि ते त्यांनाही खरं वाटत नव्हतं.

उषानंही दोष दिला नाही. दिला असता तर गुणवंताला बरं वाटलं असतं. बोरगावच्या एका कारखान्यात पाकिटं भरायचं काम मिळालं, ती जाऊ लागली. बसमध्ये बाया विचारायच्या, "तू पेंटरची पोट्टी ना? काय हसवलं वं तुह्या बाबानं त्या दिवशी!"

"हो," उषा म्हणायची.

उन्हाळ्यात एका सकाळी गुणवंता अंगणात बसून म्हणाला, "पांढुर्ण्यात निघून राहिला म्हणते एक क्लास. स्टेशनाकडं."

"कोण म्हणे?"

"ऐकलं. जाऊन विचारून येऊ का?"

उषानं डबा पिशवीत ठेवला. तिनं बापाकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. असता तर त्यानं तो ओळखला असता.

"तुमी नका जाऊ, बाबा," ती म्हणाली, आणि बस पकडायला निघून गेली.